बारशाला पोचलेलं लाळेरं

ही गोष्ट अगदी खरी, मी तिथेच होतो. म्हणजे नव्हतो, पण सगळं ऐकलं.

फार वर्षांपूर्वी इंदूआत्याच्या टोपलीत एक अर्धवट शाल होती. शेजारी उरलेल्या पिवळ्या लोकरीचा गुंडा म्हणाला, "उद्या भाचीच्या बाळाचं बारसं. मला बाळंतविड्यात जायचंय, नाहीतर इथे कसर खाईल."

शाल हसली. "मी तीन हिवाळे विणली जातेय. तू एका दिवसात काय होणार, बाबा?"

"लाळेरं," म्हणत सुया कामाला लागल्या. दिवेलागणीला लाळेरं तयार.

बारशात बाळाने जरीच्या झबल्याकडे पाहिलंही नाही. लाळेरं मात्र चघळून चिंब केलं. ते ऐटीत म्हणालं, "पहिल्याच दिवशी धुवायला निघालो आम्ही."

सुया बोलल्या ते खरं. इंदूआत्या मात्र मी रचली. लाळेरं मीच विणलं होतं, आणि ती शालही माझीच.