पाळणा आणि आठ फेडर

एकदा एक ध्वनिगुरू आपल्या शिष्याला म्हणाले, “या पंचक्रोशीत माझ्याइतका तीक्ष्ण कान दुसऱ्या कोणाचा नाही. मुंगीने पाय आपटला तरी मला तिचा ताल कळतो.”

शिष्याने अदबीने विचारले, “खरंच, गुरुजी?”

“काय म्हणालास? या बाजूने बोल बाबा. तो कान नुसता शोभेला आहे.”

गुरुजी असे होते. गंभीर माणूस दिसला की त्याच्या चपला लपवाव्यात, ही त्यांची नित्याची उपासना. शाळा चौथीतच सुटली. सुटकेचा निःश्वास शाळेने टाकला, असे ते स्वतःच सांगत. पेठेत गादीवाल्याच्या दुकानावर त्यांचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींत कापूस भरला होता, तोही खालच्याच दुकानातला. “लोक खाली झोपायची सोय करतात आणि वर येऊन जागे होतात,” असे ते म्हणत.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसांना जडणारा रोग त्यालाही जडला होता. त्याला स्वस्थ बसवत नसे. बसला की पाय हलायचा, पाय धरला की बोटे टेबलावर वाजायची. हसू नका, तुमचाही पाय आत्ता हलतो आहे.

त्याने एक मिडी कंट्रोलर आणला होता. हे यंत्र पाटाएवढे असते. त्यातून स्वतःचा असा एकही सूर निघत नाही. त्यावर फिरवायच्या गोल कळा असतात, आणि वरखाली सरकणारे आठ छोटे दांडे, ज्यांना त्या विद्येत फेडर म्हणतात. तार लावून हे यंत्र संगणकातल्या संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे, कोणता फेडर कशाला बांधायचा ते ठरवायचे, की झाले. शिष्याने पहिला फेडर गाणाऱ्या बाईंच्या आवाजाला बांधला, दुसरा तंबोऱ्याला, तिसरा घुंगरांना, चौथा घुमाऱ्याला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या प्रतिध्वनीला, आणि असे करत आठही गुंतवले. गंमत पुढेच आहे. गाणे चालू असताना फेडर जसे सरकवाल, ती हालचाल सॉफ्टवेअर लक्षात ठेवते. गाणे पुन्हा लावले की आतल्या छोट्या मोटारींच्या जोरावर फेडर आपापले सरकू लागतात. जणू कोणी अदृश्य मनुष्य बोटे टेकवून बसला आहे. याला ऑटोमेशन म्हणतात. शिष्य ते तासन् तास पाहत बसे.

आता त्याचे संकट ऐका. गुरूंनी प्रथमच एक गाणे संपूर्णपणे त्याच्या हाती सोपवले होते. भामाबाई नावाच्या वृद्ध गायिकेने म्हटलेला पाळणा होता तो. बाईंनी गाऊन दिला, आणि शिष्याने तो सजवला. पहिल्यांदा ऐकून बाई म्हणाल्या, “आवाज माझाच आहे रे, पण मागून कोणी तरी मला सारखं ढोसतंय.”

शिष्याने आठही फेडरांना आणखी कामाला लावले, आणखी बारीक हालचाली भरल्या. दुसऱ्यांदा बाई म्हणाल्या, “नातीला ऐकवला. झोपलेली पोर उठून बसली आणि खाऊ मागायला लागली. आता शेवटचं सांगते. पुन्हा असाच झाला तर माझं नाव याच्यावर घालायचं नाही. मी दुसरीकडे गाईन.”

आज दुपारी त्या यायच्या होत्या. पाळणा परत गेला तर शिष्याचे पहिले काम जाणार, आणि पेठेत बातमी गाण्यापेक्षा लवकर पसरते. सकाळपासून तो खुर्चीवर बसून उठत होता आणि उठून बसत होता. गुरू जिना चढून आले तेव्हा तो एक गोल कळ फिरवत होता, पुन्हा मागे घेत होता, पुन्हा फिरवत होता.

“काय करतोयस?”

“घुंगरांचा तिखटपणा कमी करतोय, गुरुजी.”

“मग?”

“मग वाढवतोय.”

गुरूंनी स्पीकर बंद केले. खांद्यावरचे उपरणे काढून संगणकाच्या पडद्यावर टाकले. नंतर खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि प्रत्येक फेडरच्या माथ्यावर एक एक ठेवला.

“हं. लाव तुझा पाळणा.”

“स्पीकर बंद आहेत, गुरुजी.”

“माझा कान कसा आहे ते तुला ठाऊक आहे ना? मला काय फरक पडतो? लाव.”

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला आजच खेळ सुचायचा होता! घड्याळ पुढे धावत होते. त्याने चिडूनच गाणे सुरू केले.

खोलीत शांतता. आठही फेडर हलू लागले. एक वर चढला, दोन खाली उतरले, आणखी एक थरथरला. टप्. टप् टप्. गाणे नीट सुरू होण्याआधीच सगळे फुटाणे जमिनीवर गडगडले. तरी फेडर थांबेनात. आवाजाच्या आडोशात जे कधी जाणवले नव्हते ते आता उघडे पडले होते. ती धडपड शिष्याला ओळखीची वाटली. परवा हे भरताना पाळणा परत येण्याची जी भीती होती, तीच आता यंत्राच्या पाठीवर नाचत होती.

“इथे बाई काय गातायत?” गुरूंनी विचारले.

शिष्याने उपरण्याचे टोक उचलून पडद्यावर पाहिले. त्याचे कान लाल झाले. “अजून गात नाहीयेत. श्वास घेतायत.”

“बाई श्वास घेतायत आणि तू आठ फेडर नाचवतोयस!” गुरू खो खो हसले. “अरे, घरात कोणी जेवायला बसलं की तू घास मोजत बसतोस का? तंबोऱ्याने काय केलं होतं तुझं? तो तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसतो बिचारा.”

“पण काहीच हलवायचं नाही, तर मी कशाला आहे, गुरुजी? मला पगार कशाचा?” हे बोलताना शिष्याचा आवाज चिरकला, कारण प्रश्न खरा होता.

तेव्हा गुरू हसायचे थांबले. खुर्ची ओढून जवळ बसले.

“ऐक. पाळणा झोपाळ्यासारखा नसतो. आई दोरी ओढते आणि सोडते. ओढणं तिचं, परत येणं पाळण्याचं. येताना त्याला मध्येच धरलं, तर हिसका बसतो आणि मूल दचकतं. तू दोरी कधी सोडलीच नाहीस. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. बोट टेकलेलं आहे तोवर फेडर तुझं ऐकतो, बोट उचललं की आपल्या जागी परत जातो. आहे ना?”

“आहे.”

“यंत्र करणाऱ्याला ही सोय सुचली. माणूस करणाऱ्याला नाही सुचली. म्हणून ती आपली आपण बसवून घ्यायची असते. जिथे बाई तुला बोलावतील तिथे जा. काम झालं की ये परत. आणि बोलावीपर्यंत हातांवर बस.”

“म्हणजे कसं?”

“अक्षरशः बस, गाढवा.”

शिष्याने भरलेल्या सगळ्या हालचाली पुसल्या. ती सोय चालू केली, गाणे लावले आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला. हात दाबले तर खांदे हलू लागले. खांदे आवरले तर जीभ दातांवर ताल धरू लागली. बाईंनी श्वास घेतला, तेव्हा त्याला वाटले, इथे पोकळी आहे, इथे काही तरी घालायलाच हवे. त्याने दात आवळले. पोकळी गेली, आणि तिच्यातून सूर असा आला की तो ऐकतच राहिला. हा सूर त्याने यापूर्वी शंभरदा ऐकला असेल, पण ऐकताना तो नेहमी कामात होता.

दुसऱ्या कडव्यात एका शब्दाशी बाईंनी मान वळवली होती. बाजूला कोणी दिसले असेल. आवाज थोडा दूर गेला. शिष्याचा एक हात निघाला, पहिला फेडर हळूच वर गेला, शब्द जवळ आला. त्याने बोट उचलले. फेडर आपला आपण खाली आला.

सबंध गाण्यात त्याने एवढेच केले. एवढेच करायला त्याला घाम फुटला.

दुपारी भामाबाई आल्या. जिना चढून दमल्या होत्या, आणि चेहरा भांडायची तयारी करून आल्यासारखा होता. “लावा,” म्हणाल्या, आणि गुरूंनी दिलेल्या फुटाण्यांकडे पाहिलेही नाही.

पाळणा सुरू झाला. शिष्य पडद्याकडे पाहू शकला नाही, फेडरांकडेही नाही. तो बाईंच्या हाताकडे पाहत राहिला. पहिल्या कडव्यात हात मांडीवर पडून होता. पुढे कधी तरी त्याची मूठ झाली. मूठ जरा मागे आली, सैल झाली, पुन्हा मागे आली. बाईंना ते ठाऊकही नव्हते. डोळे मिटून त्या न दिसणारी दोरी ओढत होत्या आणि सोडत होत्या. शिष्याचा पाय केव्हा थांबला हे त्यालाही कळले नाही.

गाणे संपले. बाईंनी डोळे उघडले.

“माझं नाव घाला,” त्या म्हणाल्या. “आणि या पोराचंही घाला, खाली कुठे तरी.”

शिष्य बाईंच्या पाया पडायला वाकला. त्याला बोलता येईना. गुरूंना मात्र केव्हाही बोलता येत असे. ते छाती फुगवून म्हणाले, “मग? शिष्य कोणाचा आहे, बाई!”

भामाबाईंनी पदर सारखा केला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाल्या, “मागच्या दोन्ही वेळेला कोणाचा होता, गुरुजी?”