चरकावरचा हात

“...मग कुठल्या चरकावर हात ठेवता, महाराज? तुम्ही हात ठेवाल तो माझा. दुसरा आल्या टेम्पोनं परत जाईल.”

जालिंदर उभ्यानंच विचारत होता. मठीच्या अंगणात उसाच्या रसाचे दोन नवे चरक शेजारी शेजारी मांडले होते. टेम्पोचा ड्रायव्हर पिंपळाखाली तंबाखू मळत बसला होता.

केवलगिरी महाराज दोन्ही चरकांभोवती एक फेरी मारून आले.

मठीचा स्वयंपाक माझ्याकडं, मी चुलीपाशी भाकरी थापत होतो. जालिंदर मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढं माझ्या तोंडून काही वाकडं गेलं, तर त्याचं कारण तेच समजा.

तसा माणूस कर्तबगार. बस स्टँडवरच्या टपरीतून त्यानं हायवेवर हॉटेल उभं केलं, आणि आता पाडव्याला शेजारीच मोठी रसवंती काढणार होता. तोंडी हिशोबात तर पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो हिशोब त्याला महाराजांनीच शिकवलेला. मठीत येण्याआधी ते शाळामास्तर होते आणि जालिंदर त्यांच्या वर्गात होता.

“फरक काय दोन्हींत?” महाराजांनी विचारलं.

जालिंदर खुलला.

“हा बघा. ह्याला पुढं लांब पन्हळ आहे. ऊस एकेकच आत जातो. वरचं झाकण उचललं की मशीन आपोआप बंद. सुरक्षित म्हणे! आणि हा दुसरा, उघड्या तोंडाचा. दोन-तीन ऊस एकदम सारा. पिळून आलेलं चिपाड दुमडा, मधे लिंबू-आलं ठेवा, परत घाला. चव त्यातच आहे, महाराज. पन्हळीतून दुमडलेलं चिपाड जातच नाही. आणि तेवढ्याच वेळात ह्याच्यातून दीडपट ग्लास निघतात.”

“दीडपट...”

“हिशोब करून बघा. एसटी थांबते किती वेळ? रस हातात पडायच्या आत गाडी सुटली, तर ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.”

“मग तुझं ठरलंय.”

“ठरलंय म्हणजे... तुमचा हात पडला की ठरलं.”

त्याला कौल नको होता, शिक्का हवा होता. अशी माणसं मठीत फार येतात. घोडं आधीच विकत घेतलेलं असतं, आम्हाला फक्त दात मोजायला बोलावतात.

“चालवणार कोण?”

“सोपान. घरचा माणूस आहे. बाहेरच्याच्या भरवशावर गल्ला कोण सोडतो?”

सोपान म्हणजे जालिंदरचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आल्यापासून अंगणाच्या कडेला गप उभा होता. ऊन मी म्हणत होतं, आणि ह्यानं टॉवेल डोक्यावर घ्यायचा सोडून उजव्या हातावर टाकलेला. मला ते जरा विचित्रच वाटलं.

महाराजांनी खडीसाखरेची वाटी घेतली. एक खडा जालिंदरला दिला. मग सोपानपुढं आले.

सोपाननं डावा हात पुढं केला.

प्रसाद काय डाव्या हातानं घेतात? मी चुलीपासूनच त्याला झापणार होतो.

“महाराज, त्याच्या उजव्याला जरा...” जालिंदर घाईघाईनं म्हणाला. “गेल्या उन्हाळ्यात लागलंय.”

महाराज खडा चिमटीत धरून तसेच उभे राहिले.

...

सोपाननं टॉवेल बाजूला केला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तिन्ही बोटं मुळापासून गेली होती.

महाराजांनी खडीसाखर त्या तळव्यावर ठेवली. पुढं बोटांचा आडोसाच नव्हता. खडा घरंगळला आणि मातीत पडला. सोपान वाकायच्या आत महाराज वाकले, खडा उचलला, फुंकर मारली आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

माझी भाकरी तव्यावर करपली. मला ती उलटायचं सुचलंच नाही.

“कशात गेली?” महाराजांनी विचारलं.

“हॉटेलापुढच्या जुन्या चरकात.”

“उघड्या तोंडाच्या?”

“होय, महाराज.”

“चूक मशीनची नव्हती,” जालिंदर मधेच म्हणाला. “दोन गाड्या एकदम लागल्या होत्या. गर्दी होती. ह्याचं लक्ष नव्हतं. त्याचा सगळा दवाखाना मी केला. एवढे महिने घरी बसवून पोसतोय. विचारा त्याला. लक्ष असलं की काही होत नाही.”

“होय रे?”

“दाजी म्हणतात ते खरं आहे,” सोपान जमिनीकडं बघत म्हणाला. “माझं लक्ष नव्हतं.”

हे तो पाढा म्हटल्यासारखं म्हणाला. मला जालिंदरपेक्षा त्याचाच राग आला.

महाराज ओट्यावर जाऊन बसले.

“रस दे मग,” ते म्हणाले.

जालिंदरचा चेहरा उजळला. मागच्या खोलीतून वायर ओढलेलीच होती. त्यानं ती उघड्या तोंडाच्या चरकाला लावली आणि बटण दाबलं. मोटर घरघरली, रोलर एकमेकांच्या अंगावर फिरायला लागले.

“सोपान, घाल.”

सोपाननं डाव्या हातानं ऊस घेतला. अगदी शेवटच्या टोकाला धरला आणि हात लांब करून तोंडाशी नेला. चरकानं ऊस ओढला, तसा तो दोन पावलं मागं सरला. भांड्यात रसाची धार पडली. पलीकडून चिपाड बाहेर आलं.

सोपाननं ते उचललं. डाव्या हातानं दुमडलं, उजव्याच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं लिंबाची फोड मधे दाबली. आता ते परत घालायचं होतं. दुमडलेलं चिपाड केवढंसं असतं! ते घालायचं तर हात चरकाच्या तोंडापर्यंत न्यावाच लागतो.

तो थांबला.

रोलर नुसतेच फिरत होते...

“घाल की! महाराज थांबलेत.”

सोपानचा हात पुढं गेला, परत मागं आला.

“अरे, आपली लाज काढतोस का? घाल!”

महाराज ओट्यावरून उठले. चालत आले आणि सोपानच्या हातातलं चिपाड काढून घेतलं.

“मी घालतो.”

“तुम्ही नका, महाराज, तुम्हाला सवय...”

चिपाड तोंडाशी गेलं. चरकानं ते पकडलं आणि आत ओढलं. महाराजांनी ते सोडलं नाही.

“हात!”

जालिंदर इतक्या मोठ्यानं ओरडला की पिंपळावरचे पक्षी उडाले. त्यानं बटणावर झडपच घातली. मोटर गुरगुरली, रोलर आचका देऊन थांबले. महाराजांची बोटं आणि रोलर यांच्यात पेरभर जागा उरली होती.

मला वाटलं, आता महाराज हात मागं घेतील. त्यांनी चिपाड सोडलं आणि बोटं आणखी आत सारली. दोन रोलर जिथं मिळतात, तिथं नेऊन ठेवली.

“हात ठेवा म्हणत होतास,” ते म्हणाले. “ठेवला. आता चालू कर.”

“महाराज...”

“माझं लक्ष आहे.”

...

“दाब बटण.”

जालिंदरचं बोट अजून बटणावरच होतं. चुकून दाबलं जाईल म्हणून त्याला ते उचलायचीही भीती वाटत होती. ड्रायव्हर तंबाखू तळहातावर तशीच धरून उभा राहिला होता. मी पिठाचे हात घेऊन अंगणात कधी आलो, मला कळलं नाही. मी खरोखर घाबरलो होतो. महाराज एखादी गोष्ट दाखवायची म्हणून करणारे नव्हते. बटण दाबलं असतं, तर त्यांनी हात काढला नसता.

“नाही जमायचं,” जालिंदर म्हणाला.

“का?”

“आत हात आहे.”

“कुणाचा?”

“...तुमचा.”

महाराजांनी सोपानकडं पाहिलं. मग जालिंदरकडं पाहिलं. भांड्यात रसाचे थेंब पडत होते, तेवढाच काय तो आवाज.

जालिंदरनं खाली बसून वायरच उपटली. मग तिथंच मातीत फतकल मारली. एवढ्या इस्त्रीच्या कपड्यांचा माणूस, पण त्याला भान नव्हतं. सोपान पुढं होऊन म्हणाला, “दाजी, उठा.” तरी तो उठला नाही.

“पन्हळीचा ठेवतो,” शेवटी तो म्हणाला. “ह्याला जाऊ दे परत.”

महाराजांनी चरकातून हात बाहेर काढला. तो रसानं चिकट झाला होता.

“पण एक सांगा, गुरुजी.”

मठीत आल्यापासून त्यानं त्यांना पहिल्यांदाच गुरुजी म्हटलं. आवाज फुटला होता, तरी प्रश्नात जुनी खुमखुमी होतीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

“हिशोब तुम्हीच शिकवलात मला. रात्रंदिवस मांडलाय मी तो. ग्लास, गाड्या, वेळ, सगळं धरलंय. माझा हिशोब चुकला कुठं?”

महाराजांनी वाटीतून खडीसाखरेचा दुसरा खडा घेतला. सोपानचा उजवा हात उघडून त्यावर ठेवला. ह्या वेळी खालून आणि पुढून आपला पंजा लावला. खडा पडला नाही.

मग ते जालिंदरकडं वळले.

“हिशोब बरोबर आहे, बाळ. हातचा विसरलास.”