खुळखुळणारे करंडे

एका राज्यात मुलगी सोळा वर्षांची झाली, की तिचे हवे-नको जामदारखान्यात जमा होत असे.

रीत अशी होती. वाढदिवसाच्या सकाळी मुलगी दरबारात येई, चांदीचा करंडा तोंडाशी धरी, मनातले सगळे हवेसे त्यात सांगे आणि झाकण लावी. करंडा फळीवर जाई, मुलगी घरी जाई. त्यानंतर तिला काहीही विचारा, उत्तर एकच. "चालेल." भात वाढू की भाकरी? चालेल. हिरवे लुगडे की निळे? चालेल. हा नवरा की तो? तेही चालेल. घरोघरी शांतता नांदत होती, आणि राजेलोकांना शांतता इतकी आवडते, की ती कुठून आली हे विचारायचे त्यांना सुचत नाही.

ही रीत राजा प्रतापध्वजाच्या आजोबांना भस्मकेतू नावाच्या मांत्रिकाने शिकवली होती. दर करंड्यामागे मांत्रिकाचे आयुष्य एक वर्षाने वाढे. एवढी गोष्ट मात्र त्याने स्वतःपाशी ठेवली होती.

त्याच नगरात पोथ्यांच्या नकला करणारा एक लेखनिक राहत होता. त्याला दोन मुली. थोरली हेमलता अठराची, धाकटी कुंदा सोळाला सव्वा वर्ष कमी. हेमलता पूर्वी अशी होती, की कैरीला तिखटमीठ कमी पडले तर घर डोक्यावर घेई. करंडा भरल्यापासून कैरी समोर ठेवली तर ती खाई, नाही ठेवली तर मागत नसे. कुंदाला हे बघवत नसे. तिला आपली ताई परत हवी होती, रुसणारी, भांडणारी, पहिल्यासारखी.

एके दिवशी बापाच्या पेटीत कुंदाला सातशे पानांची पोथी सापडली. नावाड्याची लेक आणि शापाने करकोचा झालेला राजपुत्र, यांच्या प्रीतीची कथा होती ती. शहाणी माणसे अशा पोथ्यांना नाक मुरडतात. मुरडोत बापडी. कुंदा रोज दुपारी तळ्याच्या पायऱ्यांवर बसून दोन पाने मोठ्याने वाचू लागली. "ताई, ऐकायला येतेस?" असे तिने विचारले, तेव्हा हेमलता म्हणाली, "चालेल." गावातल्या सगळ्याच मुली तसे म्हणाल्या आणि पायऱ्या भरून गेल्या.

आणि तिकडे जामदारखान्यात करंडे खुळखुळू लागले.

करकोचा नावेवर उतरला की करंडे हळू वाजत. नावाड्याची लेक त्याच्यावर रागावली की जोरात वाजत. तेवढा वेळ पायऱ्यांवरच्या मुलींच्या गालांवर रंग चढे, त्या पुढे सरकून बसत, एखादी तर चक्क "अगं, लवकर वाच ना" असे म्हणे. वाचन थांबले की पुन्हा आपले चालेल.

कुंदाचा एक नेम होता. क्रम सोडून वाचायचे नाही. पोथीची पाने सुटी होती आणि शेवटचे पान तळाशी होते. ती पाणी प्यायला उठून परत आली, की पाने विस्कटलेली सापडत, आणि तळाच्या पानाचा कोपरा दिवसेंदिवस मऊ पडत चालला होता. "कोणी उघडले?" असे तिने विचारले, की सगळ्या तळ्यातल्या कमळांकडे बघत. संध्याकाळी पोथी घरोघरी फिरे. एकदा राणीसाहेबांची दासीसुद्धा ती घेऊन गेली. कसर लागली आहे का, ते बघायचे आहे म्हणाली. शेवट आधी वाचणाऱ्यांची कुंदाला मनस्वी चीड होती.

इकडे करंडा एकदा वाजला, की मांत्रिकाचा एक केस पांढरा होई. वर्षभरात डोके निम्मे पिकले, तेव्हा त्याने शोध घेतला आणि भर दुपारी तळ्यावर येऊन पोथी हिसकावून घेतली. सहा पाने उरली होती. राजपुत्र वादळात सापडला होता, नाव बुडायला आली होती, आणि नेमक्या तिथेच हा आला. तळाचे पान त्याने कमरेला खोचले आणि बाकीची पोथी डोंगरावरच्या कोरड्या विहिरीत भिरकावून दिली.

मग तो राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, सर्वांत जास्त वाजतो तो करंडा लेखनिकाच्या थोरल्या मुलीचा. तिचा विवाह माझ्याशी लावून द्या. माझ्या किल्ल्यात तिला कथा वाचून दाखवणारे कोणी नाही."

राजाने हेमलतेला विचारले. हेमलता म्हणाली, "चालेल."

लग्न तिसऱ्या दिवशी सकाळी ठरले.

कुंदा परसात जाऊन ओक्साबोक्शी रडली. तेवढ्यात कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"रडून झाले असेल तर ऐक."

"झाले नाही."

"मग रडत ऐक. कामे तीन आहेत. डोंगरावरच्या कोरड्या विहिरीतून पोथी मिळव. जामदारखान्याचे दार ओलांड. करंड्यांसमोर कथा शेवटापर्यंत वाच. शेवट कानी पडला, की झाकणे आपोआप उघडतील."

"शेवटचे पान मांत्रिकापाशी आहे."

"ते मला माहीत आहे," भारद्वाज म्हणाला. "मी पक्षी आहे, लेखनिक नाही." आणि तो उडून गेला.

कुंदा डोंगरावर गेली आणि दोर सोडून विहिरीत उतरली. उतरली आणि दोर तुटला. तळाशी एक यक्षीण बसली होती, तीनशे वर्षांची, गुडघ्यांवर पोथी घेऊन.

"मला अक्षर येत नाही," यक्षीण म्हणाली. "यात काय आहे ते वाच. आवडले नाही तर तुला खाईन."

कुंदाने पहिले पान घेतले. ती वाचत गेली. धुक्यात नाव निघाली, करकोचा काठीवर येऊन बसला, त्याने चोच उघडली आणि माणसासारखा म्हणाला, "मला ओळखलेस का?" इथे पान संपले. कुंदाने पोथी मिटली.

"पुढे?" यक्षीण म्हणाली.

"पुढचे वर गेल्यावर."

यक्षीण संतापली, दात खात तीन फेऱ्या घालून आली आणि मग निमूटपणे कुंदाला पाठीवर घेऊन विहीर चढली. तीनशे वर्षांत ती प्रथमच बाहेर आली होती. "त्याला माणसाचा देह मिळाला की नाही, हे कळेपर्यंत मी तुझी पाठ सोडणार नाही," असे तिने बजावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी लग्नाचे चौघडे वाजू लागले तेव्हा कुंदा जामदारखान्यापाशी पोचली. यक्षीण छपरावर जाऊन बसली. दारात शार्दूल नावाचा तरणा शिलेदार भाला आडवा धरून उभा होता.

"राजमुद्रेवाचून आत जाता येत नाही."

"मुद्रा नाही माझ्याजवळ. एवढेच सांगा, सर्वांत जास्त कोणता करंडा वाजे?"

शिलेदाराच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "तिसऱ्या फळीवरचा, वेलबुट्टीचा. वर्षभर ऐकत होतो. तिला काय हवे आहे ते मला ठाऊक नाही. पण फार हवे आहे, एवढे कळत होते. तीन दिवस तो गप्प आहे. मला जेवण जात नाही."

"तो माझ्या ताईचा. आज तिचे लग्न आहे, मांत्रिकाशी."

शार्दूलाने भाला भिंतीला टेकवला आणि दार उघडले.

कुंदा आत बसून उरलेली पाने वाचू लागली. पहिल्या ओळीलाच फळ्या थरारल्या. दुसऱ्या पानाला करंडे एकमेकांवर आपटू लागले, तिसऱ्या पानाला तो नाद मंडपापर्यंत गेला. राजा धावत आला, राणी आली, लग्नाला जमलेले सगळे नगर मागोमाग आले. पुढे भस्मकेतू होता, आणि त्याच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेली हेमलता.

कुंदाचे पाचवे पान संपले. मांत्रिकाने कमरेचे पान काढले, तळहातावर मंत्राचा जाळ केला आणि ते जाळून टाकले.

"वाच आता शेवट," तो म्हणाला.

कुंदाच्या तोंडचे पाणी पळाले. जिला शेवट ठाऊक नव्हता अशी साऱ्या राज्यात ती एकटीच होती, आणि याचाच तिला वर्षभर केवढा अभिमान होता! तिने हात जोडले. "ताई, तू करंडा भरण्याआधीपासून पोथ्यांचे शेवट आधी वाचायचीस. मी तुला किती बोलले. सांग ना, काय होते त्या पानावर?"

"बोलू नकोस," मांत्रिक म्हणाला.

"चालेल," हेमलता म्हणाली.

कुंदाचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

"तेव्हा नावाड्याच्या लेकीने वल्हे खाली ठेवले."

सगळ्यांनी वळून पाहिले. राणी बोलत होती. तीस वर्षांत चालेलखेरीज दुसरा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

"ती करकोच्याला म्हणाली," एक परटीण पुढे बोलली, "तू राजपुत्र हो, नाहीतर पक्षीच राहा. माझ्या नावेत तुला जागा आहे."

"एवढे ऐकताच त्याचे पंख गळाले," चार मुली एकदम म्हणाल्या, आणि मग सगळ्याच बोलू लागल्या, कासारीण, दासी, सरदारांच्या सुना, "वादळ शमले, आणि राजपुत्राने वल्हे हाती घेतले..."

इथे सगळ्या थांबल्या. एकच ओळ राहिली होती, आणि सगळ्या हेमलतेकडे बघत होत्या. वेलबुट्टीचा करंडा फळीवर गरगर फिरत होता. हेमलतेचे ओठ हलले.

"...आणि त्याने विचारले, तुला कुठे जायचे आहे?"

सगळी झाकणे एकदम उडाली. भस्मकेतूचे उरलेसुरले केस पांढरे झाले, पाठ वाकली, मंत्र जिभेवरून पुसला गेला. अक्षरओळख तेवढी शाबूत राहिली. छपरावरच्या यक्षिणीने हात घालून त्याला उचलले. कुंदाने पोथी तिच्या ओटीत घातली.

"आता पहिल्यापासून," यक्षीण मांत्रिकाला म्हणाली आणि त्याला विहिरीत घेऊन गेली. तो अजून तिथे वाचतो आहे. पान संपले की वरून जाणाऱ्यांना "पुढे?" असे ऐकू येते.

राजा गोंधळून उभा होता. "शेवट सगळ्यांना ठाऊक होता, तर वर्षभर वाचत कशाला बसलात?"

"महाराज," राणी म्हणाली, "शेवटी तिला कोणीतरी विचारते, हे ठाऊक होते म्हणूनच मधले वादळ ऐकता आले."

राजाने डोक्यावरचा मुकुट काढला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तुला कुठे जायचे आहे?" राणीची यादी फार लांब निघाली. राजाने सगळी ऐकली. त्याच दिवशी करंडे वितळवून पायऱ्यांवर बसणाऱ्यांसाठी पाणी प्यायची भांडी केली गेली.

कुंदा त्या दिवसापासून शेवट आधी वाचू लागली आणि कबूलही करू लागली.

शार्दूल दुसऱ्या दिवशी लेखनिकाच्या दारी आला. हेमलता ओसरीवर कैरी खात होती. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमचा करंडा मी वर्षभर ऐकला. माझ्याशी विवाह कराल?"

कुंदा उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"विचार करून सांगते," हेमलता म्हणाली. "उद्या या. आणि येताना मीठ घेऊन या, या घरात कोणी पुरेसे घालत नाही."

शार्दूल धावतच बाजाराकडे गेला. हेमलता जशी मागती झाली, तशा साऱ्या मागत्या होवोत, आणि विचारणारे त्यांना भेटोत.