माईच्या जागेवरची रेंज

"माई, इथं सगळ्यात जास्त रेंज कुठं येते?"

पोरानं अजून पायातले बूटही काढले नव्हते.

माई उंबराखालच्या कट्ट्यावर बसली होती. तिनं डोळे उघडले.

"मी बसलेय तिथं."

"मग... जरा उठता का?"

मी अंगण झाडत होतो. खराटा हातातच राहिला. जोगटेकडीच्या या मठात माझा सगळा जन्म गेला. लोक टेकडी चढून माईकडं मोक्ष मागायला येतात. म्हणजे तोंडानं मोक्ष म्हणतात आणि मग हळूच पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारतात. पण माईला तिच्या जागेवरून ऊठ म्हणणारा मी आजवर बघितला नव्हता.

"ही जागा माझ्या गुरूंची," माई म्हणाली. "त्यांच्या आधी त्यांच्या गुरूंची. टॉवर काल-परवा आला."

"माई, अकरा वाजता माझी मुलाखत आहे. व्हिडिओ कॉलवर. पुण्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचाय."

हा शार्दूल भोईटे. खालच्या गावातला, बारावीला पहिला आलेला. आईनं त्याला माईचा आशीर्वाद घ्यायला पाठवलं होतं, आणि त्याला हव्या होत्या फोनवरच्या चार काड्या.

"आशीर्वादाचं आई बघेल," तो म्हणाला. "मला फक्त जागा द्या. तयारी माझी पक्की आहे."

"पक्की?"

"शंभर टक्के. साताऱ्याला मुलाखतीचा क्लास केलाय."

"अरे वा! काय शिकणार तिथं?"

"जिऑलॉजी. भूगर्भशास्त्र."

"म्हणजे दगड."

"म्हणजे... हो."

"दगडच का रे?"

पोरगं एकदम ताठ झालं. हनुवटी वर, हात गुडघ्यावर. "आपल्या देशाच्या अमूल्य खनिजसंपत्तीचा शाश्वत विकास साधून समाजाच्या सर्वांगीण प्रगतीत माझं अल्पसं योगदान..."

माईनं वळून मागं बघितलं. पुन्हा त्याच्याकडं बघितलं. पुन्हा मागं.

"काय आहे माझ्या मागं? पाल?"

"नाही माई."

"मग माझ्या डोक्यावर काय बघतोयस?"

शार्दूल हसला. अडाणी माणसाला समजावताना शिकलेली माणसं हसतात तसं.

"ते क्लासमधलं आहे. फोनमध्ये समोरच्याच्या तोंडाकडं बघितलं की त्याला वाटतं आपण खाली बघतोय. म्हणून तोंडाकडं बघायचंच नाही. वर कॅमेऱ्याचं भोक असतं, त्यात बघायचं. म्हणजे त्याला वाटतं, आपण थेट त्याच्या डोळ्यांत बघतोय."

माईनं जरा विचार केला.

"म्हणजे डोळ्यांत बघायचं असेल तर डोळ्यांकडं बघायचं नाही."

"बरोब्बर!"

"आणि भोकात बघताना ती माणसं तुला दिसतात?"

"मला दिसायची काय गरज आहे? त्यांनी मला बघायचंय. मुलाखत माझी आहे."

"अस्सं..."

माईचं हे 'अस्सं' मी चांगलं ओळखतो. ते आलं की मी आपला खराटा घेऊन बाजूला होतो.

पण माई चक्क उठली. "बस माझ्या जागेवर," म्हणाली. मला अजून कधी असं म्हणाली नाही, ही गोष्ट वेगळी.

"गेनू, तुझा फोन घे आणि स्वयंपाकघरात चल. हा इथून बोलेल, मी तिथून विचारीन. रंगीत तालीम होऊन जाऊ दे पोराची."

स्वयंपाकघरात दोनच काड्या येत होत्या, पण तालमीला तेवढ्या पुरल्या. मी फोन डब्याला टेकवून उभा केला. समोर पाट मांडला. माई पाटावर बसली. फोनात शार्दूल दिसायला लागला. मान वर, डोळे आमच्या टाळूच्याही वर.

"सांगा भोईटे," माई म्हणाली. आवाज असा काढला, की मीच सावरून बसलो. "तुमच्यात विशेष काय आहे?"

"धन्यवाद मॅडम. मी उत्तम श्रोता आहे..."

माईनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग ती पाटावरून उठली. भाजीला आणलेला लाल भोपळा कोपऱ्यात होता, तो तिनं उचलून पाटावर ठेवला. त्याच्याभोवती स्वतःची शाल गुंडाळली. मग नाकावरचा चष्मा काढून भोपळ्याला चढवला, आणि मला म्हणाली, "चहा टाक."

मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. हसू काही मावेना.

"...कुणाशीही बोलताना मी त्याच्या डोळ्यांत बघून त्याचं मन ओळखतो. समोरच्याच्या नजरेतला बारीकसा बदलही माझ्या लगेच ध्यानात येतो..."

भोपळा ऐकत होता.

"...त्यामुळे माणसं माझ्याशी मनमोकळं बोलतात."

चहाला उकळी आली. माईनं कपबशी पुढं केली. पोराचं नेतृत्व झालं, संघभावना झाली, अपयशातून शिकणं झालं. एवढं सगळं झालं, तरी गडी भोकातून हलला नाही.

"धन्यवाद मॅडम. आपल्याला आणखी काही विचारायचंय का?"

...

"मॅडम?"

...

"माई, आवाज येतोय ना?"

मग फोनातून एक किंकाळी आली. पाठोपाठ पोरगं पळत स्वयंपाकघराच्या दारात हजर. भोपळ्याकडं बघतंय, माईकडं बघतंय, माझ्याकडं बघतंय.

"कधीपासून?" त्यानं मला विचारलं.

"उत्तम श्रोत्यापासून," मी खरं ते सांगितलं.

"इथं माझ्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही चेष्टा करताय!" तो ओरडला. कान लाल झाले होते. आता हा पाय आपटत टेकडी उतरणार, असंच मला वाटलं. पण तो दारातच बसला. उंबऱ्यावर. आणि बघता बघता रडायला लागला.

"दोन कॉलेजांनी नाही म्हटलंय मला माई. हे तिसरं. शेवटचं. इथं नाही झालं तर मामाच्या मंडपात खुर्च्या उचलायच्या. मामा वाईट नाही... पण मला दगडच शिकायचेत हो. लहानपणापासून दुसरं काही नकोच आहे मला."

आल्यापासून पोरगं पहिल्यांदा क्लास सोडून बोललं. त्याला मी चहा दिला, साखर जास्त घालून.

"कशामुळं नाही म्हटलं त्यांनी?" माईनं विचारलं.

"पहिल्यांदा माझी नजर फिरत होती. इकडं बघ, तिकडं बघ. म्हणून क्लास लावला. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत भोकातच बघत होतो, पापणीसुद्धा हलवली नाही. तरी पाडलं."

"दुसऱ्यांदा समोर कोण होतं?"

"तिघं होते."

"कसे होते?"

"कसे म्हणजे?"

"दिसायला रे."

शार्दूलनं कपाळाला आठ्या घातल्या. खूप आठवून बघितलं.

"एक बाई असाव्यात," तो म्हणाला. "आवाजावरून."

...

मी चुलीकडं तोंड केलं.

पोरगं म्हणालं, "पण माई, तोंडाकडं बघितलं तर त्यांना वाटेल ना, मी खाली बघतोय."

"मोठ्या माणसांपुढं जरा खाली बघितलं तर कुठं आभाळ कोसळतं?"

पोरानं कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला.

अकराला पोरगं कट्ट्यावर जाऊन बसलं. माईनं भोपळ्याचा चष्मा आपल्या नाकावर घेतला आणि विळी पुढं ओढली.

"माई, दोन शब्द आशीर्वादाचे तरी बोलायचे," मी म्हणालो. "कोवळं पोर आहे."

"मीठ कुठं ठेवलंयस?"

या बाईपुढं काय बोलायचं! माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मी भिंतीआडून डोकावलो. पोरगं न्हाव्यापुढं दाढीला बसल्यासारखी मान वर करून बसलं होतं. तेच योगदान, तीच प्रगती. मी कपाळावर हात मारला. मग बोलता बोलता अडखळलं. मान हळूहळू खाली आली. आणि गप्पच झालं.

मी भिंतीआडून मान आणखी पुढं काढली. बोल की रे बाबा, काहीतरी बोल! पाठ केलेलं तरी बोल!

तेवढ्यात ते मोठ्यानं म्हणालं, "सर, तुमच्या मागचा तो दगड उलटा ठेवलाय तुम्ही."

मी धावत आत आलो.

"संपलं माई! सगळं मातीत गेलं. त्यानं त्या सायबाला तोंडावर सांगितलं, तुमचा दगड उलटा ठेवलाय म्हणून!"

माईचा हात विळीवर थांबला.

"खरंच उलटा आहे का?"

आता मला काय ठाऊक? मी पुन्हा बाहेर गेलो नाही. बघवलंच नसतं मला. भाजी शिजून खाली उतरली, भाकरी झाल्या, तेव्हा कुठं शार्दूल आला. चेहरा लालबुंद. रडलाय की हसलाय, काही कळेना.

"सरांच्या मागं फळीवर एक दगड होता," तो दारातूनच सुरू झाला. "आत पांढरे सुळके असलेला. आपल्याकडं रस्त्यासाठी डोंगर फोडला ना, तेव्हा तसले निघाले होते. ते सुळके वरून खाली लोंबत वाढतात माई! आणि सरांनी ते वर करून ठेवले होते. मला राहवलंच नाही."

"मग?" मी विचारलं.

"सर म्हणाले, अरे बाबा, सुलटा ठेवला की पडतो तो."

माई खदखदून हसली.

"मग सर उठले, दगड घेऊन आले. तू असा कुठं बघितलास म्हणाले. मग काय, मी बोलतच सुटलो. डोंगराचं सांगितलं, सुरुंगाचं सांगितलं, आईनं माझ्या खिशातले दगड परसात फेकले तेही सांगितलं. त्यांच्या आईनंही फेकले होते म्हणे! पुढचं सगळं बोलणं होईस्तोवर दगड त्यांच्या हातातच होता. खाली ठेवलाच नाही त्यांनी."

एवढं बोलून पोरगं थांबलं. आणि मग त्याचं तोंड उतरलं.

"पण माई... योगदान अर्धंच झालं. उत्तम श्रोता राहिला. नेतृत्वगुण तर त्यांनी विचारलेच नाहीत. बाकीचं पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं."

माई भाकरी मोडत होती.

शार्दूलनं बूट काढले. आत आला, माईच्या पायाशी वाकला. सकाळी जागेवरून उठा म्हणणारं हेच ते पोरगं.

"खरं सांगा माई. घेतील का हो ते मला?"

माईनं त्याच्या ताटात भाजी वाढली.

"त्यांना बघून आलास तू... आणि विचारतोस मला?"