पंधरा हातांची शिडी

“दादाची शिडी किती हात कमी पडली?” हैबतीनं गावात प्रत्येकाला विचारलं.

फार मागची गोष्ट. हैबतीचा थोरला भाऊ म्हाळू कपारवाडीच्या कड्यावरून पडून गेला. कपारीत मध होता. खाली डोह, म्हणून शिडी डोहाच्या अलीकडून तिरकी लावावी लागे. पण गावाची रीत अशी, की वरून दोर सोडून कपारीची उंची मोजायची आणि तेवढीच शिडी बांधायची. बारा हात दोर, बारा हात शिडी. ती कपारीपर्यंत पोचलीच नाही. म्हाळूनं शेवटच्या पायरीवरून झेप घेतली.

त्याच्या तेराव्याला पाहुणे कपारीच्या वरच्या, कड्याच्या वाटेनं येत होते. अचानक दरड कोसळली. मागची वाट गेली, पुढची गेली. सात माणसं घसरून खाली त्याच कपारीत अडकली आणि पायाखालची माती सुटू लागली.

“बांबू आणा! बारा हात!” पाटील ओरडले.

“बारा नको!” हैबती किंचाळला. डोह नऊ हात रुंद होता. तो देवळाच्या पटांगणात धावला. भिंतींच्या कोपऱ्यापासून एका भिंतीनं कड्याचे बारा हात मोजले, दुसऱ्या भिंतीनं डोहाचे नऊ, आणि दोन्ही टोकांमध्ये दोरी ताणली.

“माणसं मरतायत, आणि हा रांगोळी काढतोय!” गर्दीतून कुणी ओरडलं.

“बारा नि नऊ एकवीस होतात, पोरा. एवढं तरी शीक!” एका म्हाताऱ्यानं सुनावलं.

“एकवीस हातांची वाकून मोडेल, काका.” हैबतीनं ताणलेली दोरी हातानं मोजली. “पंधरा. माझ्या दादाला तीन हात कमी पडले.”

बांबू दोनच होते. चुकले तर दुसरी शिडी नव्हती. असं म्हणतात, गाठी हैबतीनं दातांनी आवळल्या.

शिडी कपारीला बरोबर टेकली. पण ओल्या मातीत तिचा पाय सरकू लागला. हैबती खाली बसला आणि त्यानं शिडीला पाठ लावली. एकेक करत सहा जणं उतरली. सातवी म्हातारी मधेच होती, तेवढ्यात वरून दगड सुटले.

“हैबती, सोड! पळ!”

असं म्हणतात, दगड त्याच्या खांद्यांवर फुटत होते आणि शिडी देवळाच्या खांबासारखी स्थिर होती.

आजही कपारवाडीत कुणी शिडी चढायला लागलं, की एक जण खाली पाठ लावून बसतो, आणि चढणारा म्हणतो, “हैबती, धर.”

त्यानं धरली होती, म्हातारीचा पाय जमिनीला लागेपर्यंत.