धाकट्याचा बॉल

"बाई, बॉल किती वर्षं टिकतो?"

सामंतबाईंनी मान वर केली नाही. त्या कुणाच्या तरी बॉलवर सँडपेपर घासत होत्या.

"कुणाचा?"

"कुणाचाही. समजा, नीट जपून ठेवला तर."

"ठेवला तर लवकर मरतो. खेळलास तर बघू."

हे बोलिंगच्या बॉलचं चाललं होतं. पुण्यात लष्कर भागातल्या एका जुन्या क्लबात तेव्हा बोलिंग होतं. तेल लावलेल्या लांब लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळवायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या. बाई तिथं शिकवायच्या आणि मागच्या खोलीत बॉल दुरुस्त करायच्या. बोलायला महाफटकळ. तरी आम्ही मुकाट्यानं जायचो, कारण शिकवावं तर त्यांनीच.

विचारणारा रणधीर ढमढेरे. राज्याचा विजेता. हात खरंच चांगला होता त्याचा, पण ते त्याला स्वतःला फार ठाऊक होतं. आमच्याशी बोलायचा तो उपकार केल्यासारखा.

त्या दिवशी मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पिशवीतून त्यानं बॉल काढून बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि बुटाच्या नाड्या बांधता बांधता माझे हात थांबले.

तो पुष्करचा बॉल होता. पुष्कर म्हणजे रणधीरचा धाकटा भाऊ. आमच्याबरोबरच शिकायचा. पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती पोरानं.

"रविवारी निवड चाचणी आहे," रणधीर म्हणाला. "पुष्कर उतरणार होता. आता मी उतरणार, त्याच्याच बॉलनं. पण हा वळत नाही, बाई. पट्टीवरून नुसता सरळ घसरत जातो. मेलाय का?"

बाईंनी बॉल मांडीवर घेतला. त्यावरून नख फिरवलं.

"पॉलिश कुणी केलं?"

"मी. रोज करतो."

"शाळिग्राम आहे का हा?"

रणधीरनं पिशवीची चेन ओढून घेतली.

"जातं गुळगुळीत झालं की काय करतात?"

"...टाकी लावून खरबरीत करून घेतात."

"का?"

"दळण निघत नाही म्हणून."

"एवढं कळतं ना? मग याला चकचकीत कशाला केलास? अंग खरबरीत असेल तर तो पट्टीला धरतो. धरतो तेव्हा वळतो. शिवाय दर खेळात हा पट्टीवरचं तेल पितो. ते पुसावं लागतं, कोमट पाण्यात बुडवून बाहेर काढावं लागतं. तू ते आत कोंडलंस आणि वरून चमक चढवलीस. ठेवला होतास कुठं?"

"गाडीच्या डिकीत."

"उन्हात?"

"घरात आईला दिसायला नको म्हणून..."

बाईंनी बॉल उलटसुलट करून बघितला.

"तडकला नाही, नशीब समज."

"म्हणजे जिवंत आहे," रणधीर एकदम पुढं सरकला. "मग करा बाई. काय लागेल ते करा. घासा, उकळा..."

"बटाटा नाही तो उकळायला. कोमट म्हटलं मी."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो जरासा हसला असेल. बाईंनी बॉल फिरवला आणि भोकं वर आणली.

"अंगाचं मी बघते. याचं काय?"

बॉलला तीन भोकं असतात. एक अंगठ्याचं, दोन बोटांची. ज्याचा बॉल त्याच्या हाताचं माप घेऊन पाडायची. दुसऱ्याच्या बॉलनं खेळणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून डोंगर चढणं.

"माझा हात बसतो," रणधीर म्हणाला.

"बसतो?"

"बसवतो. कातडी सोलपटते, तेवढंच."

"ही बुजवायची. रेझिन ओतायचं, घट्ट झालं की तुझ्या मापानं नवी पाडायची. मग खेळ वर्षानुवर्षं."

"नाही."

बाईंनी मान वर केली.

"भोकांना हात लावायचा नाही, बाई. बाकी काहीही करा."

बाईंनी बॉल दिव्याकडे वळवला. मग करंगळी अंगठ्याच्या भोकात घालून बघितली.

"माप मीच घेतलं होतं त्याचं. अंगठा वाकडा होता जरा. म्हणून हे तिरकं पाडलंय. लहानपणी दारात चेमटला होता म्हणाला."

रणधीर खाली बघत होता.

"दार कुणी लावलं होतं, ते नाही सांगितलं त्यानं," बाई म्हणाल्या.

"मी," रणधीर म्हणाला. "मीच लावलं होतं."

बाहेर कुणीतरी पिना पाडल्या. हसण्याचा आवाज आला आणि विरला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मी नाडी सोडून पुन्हा बांधली.

"त्याच्या नावानं खेळायचंय की त्याच्या हातानं?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"घाल मग."

रणधीरनं दोन बोटं घातली. अंगठा पिळून पिळून आत दडपला. आणि बॉल उचलून दाखवला.

"बघा. बसला."

"काढ आता."

त्यानं ओढला. निघेना. पुन्हा ओढला, झटका दिला, बॉल गुडघ्यांत दाबून जोर केला. कपाळावर घाम आला. बाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला.

"बाई, अडकला."

"दिसतंय."

मी मदतीला उठलो. बाईंनी नुसतं बघितलं आणि मी परत बसलो.

जितका ओढावा तितका अंगठा फुगत होता. भोकाच्या कडेला रक्त दिसायला लागलं. रणधीरचा चेहरा पांढरा पडला.

"साबण द्या. नाहीतर कापा हा. तुमच्याकडे कटर असेल ना? नको, कटर नको. बॉल फुटेल."

स्वतःचा अंगठा तुटायची वेळ, आणि काळजी कसली तर बॉलची. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

"कशानं अडकलाय?" बाईंनी विचारलं.

"भोक लहान आहे."

"भोक कुणाला धरत नाही रे. भोकात असतं काय धरायला?"

"मग मी धरलंय का?" तो ओरडलाच. "रक्त येतंय माझ्या हातातून, आणि मी धरलंय?"

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"...बॉल सोडताना अंगठा आधी सुटला पाहिजे."

"आणि?"

"ओढून सुटत नाही."

तो खाली बसला. बॉल मांडीवर, हात बॉलमध्ये, मान खाली. पुष्करला नेलं त्या दिवशी हा रडला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारत होता. थोरला किती खंबीर आहे, असं जो तो म्हणत होता. मीही म्हणालो होतो.

आता तो रडायला लागला. तोंड उघडं टाकून, लाज सोडून. हुंदक्याबरोबर मध्येच "दार लावायला नको होतं" असं काहीतरी म्हणत होता. बाईंनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसल्या. जवळ गेल्या नाहीत. पाठीवर हात ठेवला नाही.

रडता रडता कधीतरी त्याचं अंग सैल पडलं. बॉल मांडीवरून घसरला आणि खालच्या सतरंजीवर धप्पकन पडला.

अंगठा मोकळा झाला होता. त्याला कळलंसुद्धा नाही.

बाईंनी वाकून बॉल उचलला, दिव्याखाली धरून चारी बाजूंनी बघितला, फडक्यानं रक्त पुसलं. तडा गेला नव्हता.

"असाच ठेवून दिला तर?" बऱ्याच वेळानं रणधीरनं विचारलं. "खेळायचाच नाही. कपाटात, उन्हापासून लांब."

"ठेव. कपाटातलाही तडकतो कधीतरी."

"आणि बुजवला तर?"

"तर खेळशील."

"पुष्करचं काय राहील त्यात?"

बाईंनी त्याच्याकडे सरळ बघितलं.

"काही नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला बाईंचा भयंकर संताप आला. आठवण राहील, आशीर्वाद राहील, काहीही म्हणता आलं असतं. रडून दमलेल्या माणसाला दोन गोड शब्द द्यायला काय लागतं?

रणधीर उठला. बॉल घेऊन टेबलावर ठेवला, भोकं वर करून. करंगळी अंगठ्याच्या भोकात घातली. ती आत तिरकी गेली. थोडा वेळ तशीच ठेवली आणि काढून घेतली.

"बुजवा."

बाईंनी रेझिन कालवलं. आधी बोटांची भोकं भरली. मग अंगठ्याचं. ते काठोकाठ भरलं, थोडं बाहेर त्या पॉलिशवर सांडलं. रणधीर बघत उभा राहिला. पृष्ठभाग हलायचा थांबला तरी त्याची नजर हलली नाही.

मग त्यानं नाक ओढलं, बाही तोंडावरून फिरवली आणि हात पुढं केला.

"घ्या माप. उद्या भोकं पाडून द्या, परवा सराव करतो. रविवार गाठायचाय."

बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठा लालबुंद झाला होता, पेराशी सोललेला, टम्म फुगलेला. त्यांनी तो दिव्याकडे वळवून बघितला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा हात असा धरलेला मी बघितला नव्हता.

"बाई, रविवार..."

"सुजलेल्या हाताचं माप घेत नसतात."