आला तसाच परत

कारखान्यात हंगामी माणसं ठेकेदाराकडून घ्यायची आणि त्यांचा खर्च खिळे-पत्र्यांसारखाच खरेदी ऑर्डरच्या नंबरावर टाकायचा, ही शिस्त भडकमकर साहेबांची. तिचा त्यांना कोण अभिमान! खरेदी विभागातल्या वत्सला काळोखेंना मात्र माणसाच्या जागी नंबर टाकताना दर वेळी कसंसंच व्हायचं.

एके दिवशी गोदामात रचलेली खोकी कोसळली आणि त्यांच्याखाली सापडून हंगामी कामगार हणमंत गाडवे जागीच गेला. डबा उघडला की पहिला घास शेजाऱ्यापुढे धरणारा माणूस. पोलिसांचं, दवाखान्याचं सगळं उरकलं, तरी ठेकेदाराचा फोन बंदच. हणमंतला त्याच्या गावी पोचवायला कंपनीची गाडी मागावी, म्हणून वत्सलाबाई केबिनमध्ये गेल्या.

साहेबांनी मान वर केली नाही. "तो आपला माणूस नाही हो बाई. ऑर्डरवर मागवलेला. ठेकेदाराकडे परत पाठवा, तो बघेल काय ते."

वत्सलाबाईंनी पदराने डोळे टिपले.

"पाठवते साहेब. पण परतीचा नियमही तुमचाच आहे. माल जसा आला, तसाच परत गेला पाहिजे. हणमंत सकाळी गेटातून हसत आत आला होता. तेवढा तसा करून द्या, लगेच पाठवते."

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. ते खाली ठेवून साहेब म्हणाले, "गाडी काढायला सांगा."

गेटवर रखवालदाराने गाडी अडवली. "बाई, कुठल्या ऑर्डर नंबरावर लिहू?"

"आज नंबर नको, दादा," वत्सलाबाई म्हणाल्या. "नाव लिहा. हणमंत गाडवे."